वाक्यात उपयोग करा

“ताई, यू आर डायग्रेसिंग. आजच्या पालकसभेचा विषय स्नेहसंमेलन आहे,” संस्थेचे अध्यक्ष म्हणाले आणि पुन्हा स्वागतकमानीच्या रोषणाईवर बोलू लागले.

मुलींच्या संडासाला दार कधी बसणार, एवढंच छबूताईंनी विचारलं होतं. त्यांची मुलगी आठवीत, माझ्याच वर्गात. महिन्यातले चार दिवस ती शाळेतच येत नाही.

छबूताई खाली बसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाई, तुम्ही इंग्रजी शिकवता. साहेब काय म्हणाले हो मला?”

“डायग्रेस म्हणजे मूळ विषय सोडून भलतीकडेच जाणं.”

“पोरींना नुसता अर्थ सांगून सोडता का? वाक्यात उपयोग करायला लावता ना? मग करून दाखवा.”

पालक हसले. मला हसू आलं नाही. आठ वर्षं शिकवूनही मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते, आणि त्या कागदावर सही अध्यक्षांचीच लागणार होती. तरी उठले, खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘मुलींच्या संडासाला दार मागितलं, की अध्यक्ष डायग्रेस करून कमानीवर बोलतात.’

“पुसा ते!” अध्यक्ष ओरडले.

“दार बसलं, की पुसते.”