सत्तेचाळिसावे संयुग

पेटीतील तीसही अळ्या जिवंत होत्या. एवढेच नव्हे, तर कोबीच्या पानांची चाळण करून त्या चांगल्या धष्टपुष्ट झाल्या होत्या.

रसायनतज्ज्ञ बाईंनी भिंग खाली ठेवले. मधमाशीस अपाय न करता अळीचा तेवढा नायनाट करील, असे औषध त्या सहा वर्षे शोधीत होत्या. आज सत्तेचाळिसावे संयुगही वाया गेले. साहेबांनी निक्षून सांगितले होते, "या खेपेस जमलं नाही, तर प्रयोगशाळेला कुलूप."

दाराशी मामा उभे होते. अळ्या पाळणे हे त्यांचे काम. सबब सारे त्यांना अळ्यांचे मामा म्हणत. त्यांच्या अस्तन्या नेहमीप्रमाणे ओल्या होत्या.

"काय म्हणतात भाच्या?"

"तुमच्या भाच्या माझ्या उरावर बसल्यात, मामा."

मामांना हसू आले नाही. "मग आता आपलं कसं हो, बाई?"

बाईंना गलबलून आले. दोघांच्या कामाची वाटणी कधी चुकली नव्हती. सायंकाळी बाई कोबीची पाने औषधात बुडवून दोरीवर वाळत घालीत. प्रातःकाळी मामा ती उतरवून अळ्यांच्या पेटीत ठेवीत. तिसऱ्या दिवशी बाई मोजदाद करीत. सत्तेचाळीस वेळा हेच घडले होते.

त्यांनी साहेबांच्या नावे कागद लिहिला व खाली सही केली.

"सगळा दोष माझा, असं लिहिलंय. तुम्हाला दुसऱ्या विभागात घ्यावं, असंही. इतका चोख माणूस त्यांना शोधून सापडायचा नाही."

मामांचे डोळे पाणावले. "चोख कसला, बाई! पहिल्याच महिन्यात सगळ्या अळ्या माझ्या हातून दगावल्या होत्या. पानं मातीनं भरलेली होती, त्यानं अळ्यांना रोग झाला. केवढ्या रागावला होतात!"

"अहो, विसरा की ते आता."

"विसरून कसं चालेल? त्या दिवसापासून एकही पान नळाखाली चोळून धुतल्याशिवाय अळीच्या तोंडी लावलेलं नाही," मामा अभिमानाने म्हणाले, "तुमची दोरीवरचीसुद्धा."