ताउनोचा सायलेन्सर

"टेबलावर नको म्हटलं ना, ताउनो! तिथे पाव ठेवतात."

ताउनोने वर्तमानपत्राचं आणखी एक पान अंथरलं आणि बंदुकीचा सायलेन्सर त्यावर उपडा आपटला. काजळी भुरभुरली. त्याच्या बायकोचं, लेम्पीचं डोकंच फिरलं. फिनलंडमधल्या कुहमोच्या जंगलात मूस हरणांच्या शिकारीचा हंगाम लागला की रोज संध्याकाळी हेच. घरभर तेलाचा वास, अगदी कॉफीलासुद्धा.

"बार झाल्यावर काढून वाळवला नाही तर आत दमट राहतो. गंजतो," तो शांतपणे म्हणाला.

"बंदूक त्या तुमच्या म्होरक्याच्या, यालमारीच्या कपाटात टाकून येतोस, तिच्याकडे ढुंकून बघत नाहीस, आणि या नळकांड्याचे एवढे लाड! काल तर हे आखूड दिसत होतं."

"तेच आहे. तुझे डोळे गेलेत."

ऐका! डोळे कोणाचे गेलेत? परवाच याने कॉफीत साखर म्हणून मीठ ढवळलं. टपालवाल्या बाईला यालमारी समजून हाक मारली. आत्ताही आटे बोटाने चाचपत होता, तेलाचा थेंब अंदाजाने सोडत होता. आणि हा माणूस भरलेली बंदूक घेऊन झाडीत उभा राहणार, आजूबाजूला नऊ जण! लेम्पीला रात्र रात्र झोप लागत नव्हती.

"सोड रे ती शिकार. एक दिवस कोणाचा तरी जीव घेशील."

"चाळीस वर्षं जातोय मी. नऊ जणांची भिस्त आहे माझ्यावर."

"भिस्त म्हणे! कपाळ माझं!" तिने पातेलं आदळलं.

तीन वर्षं ती विनवत होती आणि तीन वर्षं हेच उत्तर ऐकत होती. आता बस्स झालं. ताउनोने सायलेन्सर चुलीजवळ वाळत उभा केला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो सौनात, वाफेच्या न्हाणीत गेला. लेम्पीने लगेच शिकारी टोळीच्या म्होरक्याला, यालमारीला फोन लावला. ताउनोला कळलं तर तो जन्मात बोलणार नव्हता.

"यालमारी, शिकारीच्या यादीतून त्याचं नाव काढून टाक. तुझ्या पाया पडते. त्याला दिसत नाही रे आता. उद्या काही आक्रीत झालं तर?"



"लेम्पी, नाव त्यानेच काढायला लावलं," यालमारी म्हणाला. "तीन वर्षं झाली. बंदूक माझ्या लेकीला देऊन टाकली. तळावर बसून आमची कॉफी करतो तो. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती."

लेम्पीने चुलीजवळच्या सायलेन्सरकडे बघितलं.

"आणि हे बघ, आज त्याने नेलेला तो लांबडा सायलेन्सर माझा आहे. झाला का गं साफ?"