गाडीचं लग्न

आयलीने पिशवीतून नारिंगी गाडी काढून बर्फावर ठेवली, तशी लोर्नच्या हातातली कॉफी हिंदकळली.

"ही कशाला आणलीस?"

"घरात करमेना तिला," आयली म्हणाली.

हातभर लांबीचा, जाड चाकांचा, बॅटरीवर पळणारा ट्रक होता तो. त्याला खेळणं म्हटलेलं आर्वोला खपायचं नाही. गेल्या जानेवारीत हीच गाडी चालवताना आर्वो, आयलीचा नवरा, याच गोठलेल्या तलावात बुडाला. सोबत होता फक्त त्याचा मित्र लोर्न. त्याने पोलिसांना सांगितलं ते असं: गाडी ओढ्याच्या मुखाशी रुतली, आर्वो रिमोट हातात घेऊनच ती काढायला गेला, बर्फ फुटला आणि डोळ्यांदेखत माणूस दिसेनासा झाला. ओढ्याचा प्रवाह बर्फाखालून कुठल्या कुठे नेतो. पाणबुडे उतरले, हात हलवत परत आले. गाडी तेवढी वर राहिली होती. लोर्नने ती गळाने ओढून काढली आणि टॉवेलात गुंडाळून आयलीच्या दारात आणून दिली.

आयलीला त्यातलं अक्षरही पटलं नव्हतं. रुतलेल्या गाडीमागे माणसाने जायचं नाही, हे आर्वो येईल त्या नवख्याला बजावायचा. तो स्वतः कसा जाईल? लोर्नने पैज लावली असेल. नाहीतर हात द्यायच्या वेळी पळून गेला असेल. आर्वोने हाक मारली होती का, एवढंच तिला कळायला हवं होतं. त्या एका प्रश्नाने वर्षभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आणि लोर्नचं वागणंही तसंच. चर्चमधल्या प्रार्थनेला आला नाही. आर्वोचं नाव काढलं की बुटांकडे बघत बसायचा. मनात चोर असला की मान वर होत नाही.

आयलीने स्वेटरच्या आतून बॅटरी काढली. उणे पंचवीसात बॅटरी उघड्यावर राहिली की मेलीच, म्हणून इथे सगळे ती छातीशी धरून फिरतात. तिने ती गाडीत बसवली, झाकण लावलं आणि दोन्ही हात पुन्हा आर्वोच्या ढगळ कोटाच्या पुढच्या खिशात घातले.

"अगं, रिमोटशिवाय चालणार कशी ती?" लोर्न म्हणाला.

"रिमोट तळाशी आहे. तूच सांगितलंस."

"मग?"

"तरी हलते. बॅटरी घालून खिडकीपाशी ठेवली की चाकं फिरतात. आपोआप."

लोर्नने कप खाली घेतला. "कुठल्या खिडकीपाशी? रस्त्याकडच्या?"

हा कसला प्रश्न? वेळ काढतोय मेला, असं तिला वाटलं.

"रस्त्याकडच्या."

"बंद कर ती, आयली. त्याच्या गाड्यांना कुणी हात लावलेला त्याला आवडत नाही."

आवडत नाही. वर्ष झालं तरी 'आवडायचं नाही' म्हणायला याची जीभ वळत नव्हती. पाप असं बोलण्यातून डोकावतं, आयली मनात म्हणाली.

एका गाडीचं लग्न एकाच रिमोटशी लागतं, असं आर्वो हसून म्हणायचा. दुसऱ्या कुणाचंही ती ऐकत नाही. आयलीने गेल्या महिन्यात शहरातून नवा रिमोट आणला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर गाडीचा काडीमोड करून दुसरं लग्न लावून टाकलं. तो रिमोट आता खिशात, तिच्या बोटांखाली होता.

तिने बोट हलवलं. पुढची चाकं डावीकडे वळली, मग उजवीकडे.

लोर्न जागच्या जागी थिजला. गाड्या पळवायला जमलेली बाकीची मंडळी केव्हाच शेकोटीकडे गेली होती. पलीकडच्या काठाला मासेमारांची खोपटी होती, त्यांच्या धुराड्यांतून धूर सरळ वर चढत होता. वारा अजिबात नव्हता. गाडी बर्फाचा भुगा उडवत निघाली आणि थेट ओढ्याच्या मुखाशी जाऊन थांबली. खालून बर्फ कण्हल्यासारखा वाजला.

आयलीच्याच अंगावर शहारा आला. आपण चालवतोय हे ठाऊक असूनही तिला क्षणभर वाटलं, आर्वो इथेच आहे, बघतोय.

गाडीने तोंड फिरवलं. हळूहळू ती लोर्नपाशी आली आणि तिने त्याच्या बुटाला दोनदा टोचलं. कॉफी संपली की आर्वो असाच टोचायचा त्याला. रिकामा कप भर म्हणून.

लोर्नचे ओठ पांढरे पडले.

"तो इथे आहे," तो पुटपुटला.

"आहे ना," आयली म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तो कापरेपणा काही सोंग नव्हता. "त्याच्यासमोर सांग आता. बुडताना त्याने हाक मारली होती का? माझं नाव घेतलं होतं का? सांग लोर्न, मी कुणाला सांगणार नाही. मला फक्त झोप हवी आहे रे."

लोर्नने तिच्याकडे पाहिलंच नाही. गाडीकडेही नाही. तो एकेका खोपट्यावरून नजर फिरवत होता, रिमोट जेवढ्या अंतरावरून चालतो तेवढ्या टापूत. मग त्याने कप फेकला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि संतापाने ओरडला,

"आर्वो! बाहेर ये, गाढवा! वर्षभर मी तुझ्यासाठी या बाईच्या तोंडावर खोटं बोलतोय, आणि तू तिच्याच समोर गाडी चालवतोस?"