ओळंब्याची गाठ

बायकोने कधी चकार शब्द काढला नव्हता, तरी लिंग लांबवायचं खूळ गवंड्याच्या डोक्यात शिरलं. "वजन रोज एकाच कोनात टांगू नका; आज सरळ खाली, उद्या डावीकडे, परवा उजवीकडे," व्हिडिओतला माणूस छातीठोकपणे सांगत होता. घरात टांगण्याजोगं वजन एकच: वडिलांचा पितळी ओळंबा. त्याच्याच भरवशावर ते जन्मभर सरळ भिंती बांधत आले होते. न्हाणीघराला हळूच कडी लावून त्याने दोरीची गाठ आवळली. डावीकडची पाळी होती. तेवढ्यात बायकोने दार ठोठावलं. "अहो, बाबा केव्हाचे ओळंबा शोधतायत!" कसंबसं स्वतःला सोडवून त्याने गाठीसकट ओळंबा थैलीत कोंबला. कामावर वडिलांनी दोरी उलगडली. "ही गाठ कुणी मारली रे?" त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मीच, बाबा. द्या, सोडवतो." "राहू दे, तुला सुटायची नाही," म्हणत वडिलांनी गाठ दातांत धरली.