डोर्लेचं अक्षर

"पुसून टाका, उस्ताद," अपोलोनिया म्हणाली. "माझ्या पोरीचं चित्र पुसून टाका."

उस्ताद लीनहार्टने कोरणी खाली ठेवली. न्यूर्नबर्गच्या छापखान्यांसाठी तो अक्षरं घडवायचा. सध्या प्रकरणाच्या सुरुवातीला येणारी मोठी, नक्षीदार अक्षरं चालली होती. प्रत्येक अक्षरावर गल्लीतलं एकेक पोर. कुणी चढतंय, कुणी लोंबकळतंय. नासपतीच्या लाकडी ठोकळ्यावर तो आधी शाईने चित्र काढायचा, मग सवडीने कोरायचा. चार वर्षांची डोर्ले 'डी'च्या पोटात पाय दुमडून बसली होती. अपोलोनियाच तिला घेऊन आली होती, गेल्या सोमवारी, वेणी घालून.

"शाई लाकडात मुरते, बाई. पुसता येत नाही. रंधाच मारावा लागेल. पण झालं काय?"

अपोलोनियाने शेजारी उभ्या डोर्लेला जवळ ओढलं. गावात साथ होती. गल्लीतली तीन पोरं गेली होती. कासाराचा वेन्झेल, सुताराची बार्बेल आणि काल धाकटा येर्ग. तिघंही याच स्टुलावर बसून गेली होती.

पाव द्यायला आलेली भटारीण कुनिगुंड दारातच हसली. "अगं, चित्राने कुणी मरतं का? माझा कुन्त्स 'के'वर बसलाय की. उस्तादांनी कोरला, छापून दाखवला. घरी येऊन बघ, बोकडासारखा चरतोय नुसता!"

तुझीही पाळी येईल, असं अपोलोनियाच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं. डोर्लेच्या कपाळाला हात लावला. गार होतं. थोड्या वेळाने पुन्हा लावला.

"इतकं शांत पोर मला मिळालं नव्हतं," उस्ताद म्हणाला. "उद्याच कोरायला घेणार होतो. एक दिवस थांब. छापून देतो, घरात लाव."

"आत्ता. माझ्यासमोर."

"भारी हट्टी हो तू!" कुनिगुंड म्हणाली आणि पाव ठेवून निघून गेली.

उस्तादाने ठोकळा शिकंज्यात आवळला. रंधा फिरला. शाईच्या रेघा घेऊन पातळ कपचे गळायला लागले. आधी पाय गेले, मग वेणी, मग तोंड. अपोलोनिया वाकून बघत होती.

"डोळा राहिलाय तिथे."

त्याने आणखी एक हात मारला. लाकूड कोरं झालं.

अपोलोनियाने श्वास सोडला. डोर्लेला उचलून कडेवर घेतलं, घट्ट. पोरगी हसली. तिचा गाल आईच्या गालाला लागला, छान गार. उंबऱ्यापाशी अपोलोनियाला राहवेना. ती वळली.

"उस्ताद, एवढं करा. त्या तिघांची अक्षरं छापू नका. त्यांच्या आयांना बघवणार नाही."

"त्यांची कुठली अक्षरं?" उस्ताद खाली पडलेले कपचे गोळा करत म्हणाला. "कोरून झालेली पोरं सगळी त्या फळीवर आहेत, आणि आत्ता बाहेर दंगा घालतायत. ती तिघं फार चुळबुळायची गं, चित्रं बिघडली. त्या तिघांवर मी तेव्हाच रंधा मारला."