चेहरा कुठे घेऊ?

राष्ट्राध्यक्ष सातव्यांदा निवडणुकीला उभे होते. त्यांचा चेहरा छापलेलं कापड पक्षाने बाजारातल्या बायकांना फुकट वाटलं होतं. सभेला ते अंगावर नसलं, तर गाळा गेलाच. "मावशी, चेहरा कुठे घेऊ? छातीवर की पाठीवर?" एसोम्बा शिंप्याने विचारलं. "बुडाखाली घे," गाळेवाली बिलोआ म्हणाली. "जन्मभर आमच्या बोकांडी बसलाय, एकदा मला त्याच्यावर बसू दे." शिंप्याने दाराकडे पाहिलं. पण गेल्या निवडणुकीत गायब केलेला तिचा मुलगा त्याचा जिवलग होता. त्याने कात्री चालवली. संध्याकाळी झगा घालून ती दुकानातल्या बाकावर ऐसपैस बसली, पोट धरून हसली. मग नजर खाली गेली. "मावशी, कापडभर तोच आहे, किती चुकवू?" शिंपी पुटपुटला. तिच्या मांडीवरून राष्ट्राध्यक्ष हसत होते. दर निवडणुकीच्या छपाईत तरुण होत होत यंदा तिच्या मुलाच्या वयाचे झाले होते.