सोळात चौदा माद्या

नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या शेपटीखालच्या दोन छिद्रांमधलं अंतर बघून केरबा नर की मादी ते सांगायचा. तीस वर्षं प्रयोगशाळेत त्याची हीच मिजास होती. आज त्याने सोळात चौदा माद्या लिहिल्या. मॅडमच्या चाचणीत त्यातल्या सहा माद्या नर निघाल्या.

“आता माझ्या भरवशावर उंदरांची लग्नं लावू नका,” केरबा ओशाळून म्हणाला.

“तुमचे डोळे ठीक आहेत, मामा. यांच्या आया गाभण असताना आपण त्यांना तणनाशक दिलं होतं ना? पोटातच नरांच्या हार्मोनला अडथळा आला, म्हणून ते अंतर माद्यांइतकंच कमी राहिलं.”

केरबाला आठवलं. लेकाच्या वेळी, सातव्या महिन्यात, बायकोने तणनाशक उघड्या हातांनी कालवलं होतं. आणि उंदरांना हातमोजे घालून उचलणारा हा शहाणा बांधावर बसून तिला प्रमाण सांगत होता.

लग्नाला चार वर्षं झाली तरी लेकाला मूल नव्हतं. “अहो, आधी पोराला तपासून आणा,” असं बायको मरेपर्यंत सांगत राहिली. “गड्यात कधी खोट असते का?” म्हणून हा हसायचा आणि सुनेला उपास सांगायचा.

“मॅडम, माणसातपण असं होतं?”

“उंदरावरून माणसाचं सांगता येत नाही, मामा. तपासावंच लागतं.”

त्याने घरी फोन लावला.

“सूनबाई, उपास सोड, जेवून घे. उद्या दवाखान्यात मी त्याला घेऊन जातो.”



“मामंजी,” सुनेने घाबरून विचारलं, “तुमची तब्येत बरी आहे ना?”